‘क्लीन’च्या पुढे ‘अप’ कशासाठी?

इंग्रजी क्रियापदांना जोडून येणाऱ्या अप, आउट, ऑफ, डाउन या लहान शब्दांविषयी वाचक सातत्याने विचारणा करतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी ‘क्लीन अप’ या एकाच फ्रेझल व्हर्बभोवती फिरणारी असल्याने हा संपूर्ण भाग त्यालाच दिला आहे.

प्रश्न : मी शाळेत इंग्रजी शिकवते. एका विद्यार्थ्याने निबंधात ‘द मिल्क स्पिल्ड अँड माय मदर क्लीन्ड द मिल्क’ असे लिहिले होते. मी त्यात ‘अप’ घालून ‘क्लीन्ड अप द मिल्क’ अशी दुरुस्ती केली. त्यावर त्याने विचारले, ‘माय मदर क्लीन्ड द फ्लोअर’ हे बरोबर असेल, तर दुधालाच ‘अप’ का हवे? त्याला पटेल असे उत्तर मला देता आले नाही. कृपया खुलासा करावा.

उत्तर : आपण केलेली दुरुस्ती योग्यच आहे, पण विद्यार्थ्याचा प्रश्न तिच्याहून मोलाचा आहे, कारण या क्रियापदाचे मर्म त्यातच आहे. मराठीत ‘साफ करणे’ याला दोन्ही प्रकारची कर्मे चालतात. ‘आईने फरशी साफ केली’ असे आपण म्हणतो आणि ‘आईने सांडलेले दूध साफ केले’ असेही म्हणतो. पहिल्या वाक्यातली फरशी काम झाल्यावर जागेवरच असते, तिच्यावरची घाण तेवढी जाते. दुसऱ्या वाक्यातले दूध मात्र स्वतःच नाहीसे होते. ‘पुसणे’ आणि ‘झाडणे’ यांचेही असेच आहे. आपण फळा पुसतो आणि फळ्यावरची अक्षरेही पुसतो; खोली झाडतो आणि कचराही झाडतो. कोणती वस्तू राहिली आणि कोणती गेली हे ऐकणाऱ्याला प्रसंगावरून कळते, म्हणून मराठीला त्यासाठी वेगळी खूण लागत नाही.

इंग्रजीला ती लागते. नुसते ‘क्लीन’ हे क्रियापद प्रामुख्याने स्वच्छ होऊन मागे उरणाऱ्या वस्तूसाठी वापरले जाते : ‘क्लीन द फ्लोअर’, ‘क्लीन द विंडो’, ‘क्लीन युवर शूज’. त्यामुळे ‘क्लीन्ड द मिल्क’ हे शब्द इंग्रजी कानाला दुधातली घाण काढून दूध निर्मळ केल्यासारखे वाटतात. जे पुसून, वेचून किंवा टिपून दूर करायचे आहे तेच कर्म असेल, तर ‘अप’ जोडावे लागते : ‘क्लीन अप द मिल्क’, ‘क्लीन अप द ब्रोकन ग्लास’, ‘क्लीन अप द मेस’. यातले काचेचे उदाहरण वर्गात आवर्जून घ्यावे. ‘क्लीन द ग्लास’ म्हणजे काच पुसून लख्ख करणे आणि ‘क्लीन अप द ग्लास’ म्हणजे फुटलेल्या काचेचे तुकडे गोळा करून टाकणे. दोन अक्षरांच्या फरकाने एकात काच चकचकीत होऊन राहते आणि दुसऱ्यात ती कचऱ्याच्या डब्यात जाते. म्हणून विद्यार्थ्याला एकच प्रश्न स्वतःला विचारायला शिकवावे : काम संपल्यावर कर्म उरते की जाते? जात असेल, तर ‘अप’ लिहावे.

येथे चौकस विद्यार्थी लगेच अडवेल आणि तसे त्याने अडवावेच. ‘क्लीन अप द किचन’, ‘क्लीन अप युवर रूम’ अशी वाक्ये सर्रास वापरात असतात आणि स्वयंपाकघर काही नाहीसे होत नाही. मग तेथे ‘अप’ काय करते? जागेचे नाव कर्म असताना येणारे ‘अप’ त्या जागेत आधी पसारा किंवा घाण झालेली आहे आणि ती आता पूर्णपणे निपटायची आहे, असे सुचवते. ‘क्लीन द किचन’ म्हटल्यावर ओटा घासणे, भिंतीवरचे तेलाचे डाग काढणे, फरशी धुणे अशी नेहमीची स्वच्छता डोळ्यांपुढे येते. ‘क्लीन अप द किचन’ म्हटल्यावर आधी स्वयंपाकाचा पसारा दिसतो : भांडी उचलायची, सांडलेले पुसायचे, डबे जागेवर ठेवायचे आणि ओटा पूर्ववत करायचा. पहिल्याला ‘स्वच्छ करणे’ म्हणावे, दुसऱ्याला ‘आवरणे’. नाहीसे व्हायचे असते ते येथेही असते, पण ते वाक्यात बोलून दाखवलेले नसते. आवरण्यापुरतेच काम असेल आणि घाणीचा संबंध नसेल, तर ‘टायडी अप’ अधिक नेमके. अमेरिकेत त्यासाठी ‘स्ट्रेटन अप’ किंवा मुलांना उद्देशून ‘पिक अप युवर रूम’ असेही म्हणतात.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण एकदा ‘अप’ची गोडी लागली की विद्यार्थी ते सगळीकडे घालू लागतात. दात, चष्मा, खिडकीची काच, कान अशा गोष्टींची नित्याची स्वच्छता नुसत्या ‘क्लीन’ने सांगावी. ‘क्लीन अप युवर टीथ’ असे सहसा कोणी म्हणत नाही.

आता वर्गात याहून उपयोगी पडेल अशी एक गोष्ट. मराठी मुलांना हे ‘अप’ अगदीच परके नाही, कारण त्याच्यासारखे काम करणारी सोय आपल्या क्रियापदांत आहे. ‘पुसणे’ आणि ‘पुसून टाकणे’, ‘धुणे’ आणि ‘धुऊन काढणे’, ‘आवरणे’ आणि ‘आवरून घेणे’ या जोड्या मुलांपुढे ठेवाव्यात आणि प्रत्येक जोडीतल्या दुसऱ्या रूपाने काय अधिक सांगितले, ते त्यांनाच विचारावे. क्रिया तडीस गेली, काही बाकी राहिले नाही, असे उत्तर बहुतेक मुले देतील. ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’, ‘यूज अप’ यांतले ‘अप’ही तेच सांगते. मराठी हे काम क्रियापदाला दुसरे क्रियापद जोडून करते, इंग्रजी ते अव्यय जोडून करते. जोड्या तंतोतंत जुळत नाहीत, तरीही ‘वर’ या शाब्दिक अर्थात अडकून पडलेल्या मुलाला यातून वाट सापडते, असा माझा अनुभव आहे.

एका ठिकाणी मात्र ही तुलना दगा देते. आपली ही जोडक्रियापदे नकारात सहसा टिकत नाहीत. ‘त्याने दूध पुसून टाकले’ हे आपण सहज म्हणतो, परंतु त्याचा नकार ‘त्याने दूध पुसले नाही’ असाच तोंडात येतो. ‘पुसून टाकले नाही’ असे क्वचितच कोणी म्हणेल. त्या सवयीने मुले होकारार्थी वाक्यात ‘क्लीन्ड अप’ बरोबर लिहितात आणि नकारात ‘ही डिडन्ट क्लीन द मिल्क’ असे लिहून मोकळी होतात. इंग्रजीत ‘अप’ नकारातही सुटत नाही : ‘ही डिडन्ट क्लीन अप द मिल्क’. वह्या तपासताना नकारार्थी वाक्यांकडे मुद्दाम लक्ष ठेवावे.

हे सारे कठीण वाटणे स्वाभाविक आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत क्रियापदाला अव्यय जोडून अर्थ बदलण्याच्या या पद्धतीविषयी लिहिले आहे आणि परभाषकांना सर्वांत मोठी अडचण येथेच येते, हेही तेथे नोंदवले आहे. आपल्या विद्यार्थ्याला हे जरूर सांगावे.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या सराव प्रश्नपत्रिकेत ‘प्लीज क्लीन अप इट’ हे वाक्य चूक दाखवले होते. मग ‘प्लीज क्लीन अप द रूम’ कसे बरोबर?

उत्तर : कर्म नाम असेल, तर ते ‘अप’च्या आधी किंवा नंतर कोठेही चालते. ‘क्लीन अप द रूम’ आणि ‘क्लीन द रूम अप’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. कर्म सर्वनाम असेल, तर मात्र ते क्रियापद आणि ‘अप’ यांच्या मध्येच यावे लागते : ‘क्लीन इट अप’. यामागचे कारण लक्षात ठेवले, तर नियम पाठ करावा लागत नाही. इंग्रजी वाक्यात महत्त्वाची किंवा नवी माहिती शेवटाकडे ढकलली जाते आणि तेथे आघात पडतो. ‘इट’ हे आधी उल्लेख झालेल्या वस्तूसाठी येणारे, आघातहीन सर्वनाम असल्याने ते शेवटची जागा पेलत नाही. ती ‘अप’ला मिळते. ‘क्लीन इट अप’ मोठ्याने म्हणून पाहिले, तर जोर ‘अप’वर येतो हे ऐकू येईल. याच कारणाने कर्म लांबलचक असेल, तर ते नंतरच ठेवलेले बरे. ‘क्लीन अप द मेस दॅट द चिल्ड्रन मेड इन द हॉल’ हे वाक्य सुबोध आहे. ‘अप’ला त्याच्या अगदी शेवटी नेऊन बसवले, तर वाचणाऱ्याची दमछाक होते.

प्रश्न : आमच्या कार्यालयातील चहाच्या खोलीत ‘प्लीज क्लीन अप आफ्टर युवरसेल्फ’ अशी पाटी होती. तिच्याखाली मराठी पाटी लावण्याचे काम माझ्याकडे आले. कोणीतरी ‘कृपया स्वतःनंतर साफ करा’ असे सुचवले आणि ते मला पटले नाही. योग्य मराठी कोणते? आणि येथे ‘आफ्टर’चा अर्थ ‘नंतर’ असाच आहे का?

उत्तर : ते आपल्याला पटले नाही, हे उत्तम झाले. ‘क्लीन अप आफ्टर’ हे तीन शब्द मिळून एकच क्रियापद बनले आहे आणि त्याचा अर्थ ‘एखाद्याने केलेली घाण किंवा पसारा त्याच्या मागून काढणे’ असा होतो. ‘आफ्टर’पुढे व्यक्ती किंवा प्राणी आला की हा अर्थ घ्यावा : ‘क्लीन अप आफ्टर द चिल्ड्रन’, ‘क्लीन अप आफ्टर द डॉग’. ‘आफ्टर’पुढे घटना आली, जसे ‘क्लीन अप आफ्टर द पार्टी’, तर तेथे तो साधा कालवाचक ‘नंतर’ असतो. तीन शब्दांच्या या क्रियापदात कर्म मध्ये घुसत नाही, ते शेवटीच येते आणि सर्वनामही त्याला अपवाद नाही : ‘आय ऑलवेज क्लीन अप आफ्टर हिम’. मागच्या प्रश्नातला सर्वनामाचा नियम येथे लावू नये.

पाटीसाठी ‘आपण केलेला पसारा कृपया आपणच आवरावा’ हे वाक्य सुचवतो. कप विसळून ठेवणे अपेक्षित असेल, तर पाटीवर तेच लिहावे; मोघम सूचनेपेक्षा नेमक्या सूचनेचे पालन अधिक होते.

या क्रियापदाचा लाक्षणिक उपयोगही मोठा आहे आणि त्यासाठी मराठीत चांगले शब्द तयार असताना भाषांतरकार ते विसरतात, याचे मला वाईट वाटते. एखाद्या अधिकाऱ्याने गोंधळ घालून ठेवला आणि पुढच्या अधिकाऱ्याला तो सोडवावा लागला, तर इंग्रजीत ‘शी हॅड टू क्लीन अप आफ्टर हिम’ असे म्हणतात. त्याचे मराठी ‘तिला त्याच्यानंतर सफाई करावी लागली’ असे करणे म्हणजे अर्थाचा बळी देणे होय. ‘त्याने करून ठेवलेले तिला निस्तरावे लागले’ असे लिहावे. ‘निस्तरणे’ या एका क्रियापदात दुसऱ्याची चूक, आपल्या माथी आलेले काम आणि त्याबद्दलची नाराजी हे तिन्ही येते. बोलण्याच्या ओघात ‘दुसऱ्याची खरकटी काढणे’ हेही चपखल बसते.

प्रश्न : कपाट साफ करण्यासाठी ‘क्लीन अप’ म्हणावे की ‘क्लीन आउट’? शिवाय ‘द थीव्ह्ज क्लीन्ड अस आउट’ असे वाक्य वाचले, त्याचा अर्थ लागला नाही.

उत्तर : ज्या वस्तूला आतली पोकळी आहे आणि तिच्यातले सामान बाहेर काढून, नको ते टाकून ती स्वच्छ करायची आहे, तिला ‘क्लीन आउट’ वापरावे. कपाट, खण, फ्रिज, माळा, गाडीची डिकी, पाण्याची टाकी ही त्याची नेहमीची कर्मे. ‘क्लीन आउट द कबर्ड’ म्हणजे कपाट उपसून काढणे. कपाटाच्या दारावरचे बोटांचे ठसे पुसायचे असतील, तर ‘आउट’चा संबंध नाही, तेथे ‘क्लीन द कबर्ड डोअर’ किंवा ठसे हे कर्म घेऊन ‘क्लीन ऑफ द फिंगरप्रिंट्स’ म्हणावे. ‘ऑफ’ हे पृष्ठभागावर चिकटलेले सुटे करण्यासाठी असते, जसे ‘क्लीन द मड ऑफ युवर शूज’. ‘डाउन’ हे भिंत, ओटा, यंत्र असा मोठा पृष्ठभाग सगळीकडून नीट पुसून किंवा धुऊन काढण्यासाठी असते. घरगुती बोलण्यात त्यासाठी ‘वाइप डाउन’ अधिक ऐकू येते.

चोरांच्या वाक्याचे कोडे मराठीतूनच सुटते. ‘चोरांनी घर धुऊन नेले’ किंवा ‘घर साफ केले’ असे आपण म्हणतोच. आतले सगळे बाहेर गेले, काही उरले नाही, हीच कल्पना ‘क्लीन आउट’मध्ये आहे. कर्म माणूस असेल, तर त्याच्याजवळचे पैसे संपले असा अर्थ होतो आणि तेथे चोरच असला पाहिजे असे नाही : ‘द वेडिंग क्लीन्ड अस आउट’ म्हणजे लग्नाच्या खर्चाने आमच्याजवळ काही शिल्लक राहिले नाही. येथे ‘आउट’ऐवजी चुकून ‘अप’ घातले, तर अर्थ उलटतो, कारण अनौपचारिक इंग्रजीत कर्माशिवाय येणाऱ्या ‘क्लीन अप’चा एक अर्थ भरपूर पैसे मिळवणे किंवा सगळी बक्षिसे पटकावणे असा आहे. ‘दे क्लीन्ड अप’ म्हणजे त्यांची चांदी झाली.

प्रश्न : मी एरवी अगदी साध्या कपड्यांत कामावर जाते. एका समारंभाला नीट तयार होऊन गेले असता परदेशी सहकारी म्हणाली, ‘यू क्लीन अप नाइसली!’ ही स्तुती समजावी की टोमणा? मी एरवी अस्वच्छ दिसते, असे तिला म्हणायचे होते का?

उत्तर : मनातून किंतु काढून टाकावा, ही स्तुतीच आहे. एरवी साधेपणाने राहणारी व्यक्ती प्रसंगी नटूनथटून आली की इंग्रजी भाषक हे वाक्य कौतुकाने म्हणतात. ‘तयार झालीस की काय छान दिसतेस!’ हा त्याचा मराठी भाव. त्याचा उगम ‘क्लीन अप’च्या आणखी एका अर्थात आहे. कामावरून आल्यावर हातपाय-तोंड धुऊन, कपडे बदलून ताजेतवाने होणे यालाही ‘क्लीन अप’ म्हणतात : ‘आय नीड टू क्लीन अप बिफोर डिनर’. या अर्थी कर्म लागत नाही. दुसऱ्याला सांगताना ‘गो अँड क्लीन युवरसेल्फ अप’ असे आत्मवाचक सर्वनाम मध्ये घालतात. हे वाक्य मुलाला सांगायला ठीक, मोठ्या माणसाला सांगितले तर अपमान होईल.

आपल्याला जी शंका आली ती अगदीच निराधार नाही, हेही सांगितले पाहिजे. या स्तुतीत ‘एरवीच्या मानाने’ अशी तुलना दडलेली आहे आणि म्हणून ती थट्टामस्करी चालण्याइतका परिचय असलेल्या माणसांतच शोभते. आपण स्वतः हे वाक्य वरिष्ठांना किंवा नवख्या व्यक्तीला उद्देशून वापरू नये. तेथे ‘यू लुक लव्हली’ हे साधे वाक्य पुरेसे आहे.

प्रश्न : ‘क्लीन अप’ हे दोन शब्द वेगळे लिहावेत, जोडून लिहावेत की मध्ये संयोगचिन्ह द्यावे?

उत्तर : क्रियापद असेल, तर नेहमी दोन शब्द. नाम किंवा विशेषण असेल, तर अमेरिकन लेखनात बहुधा एक सलग शब्द आणि ब्रिटिश लेखनात बहुधा संयोगचिन्हासह. याची उदाहरणे दोन मोठ्या मोहिमांच्या नावांतच आहेत. इयन किअर्नन यांनी 1989 मध्ये सिडनी बंदराच्या स्वच्छतेची मोहीम उभी केली आणि पुढच्या वर्षी ती देशभर नेली. तिचे नाव ‘क्लीन अप ऑस्ट्रेलिया’. तेथे ‘क्लीन अप’ हे आज्ञार्थी क्रियापद असून ‘ऑस्ट्रेलिया’ हे त्याचे कर्म आहे, म्हणून दोन शब्द. अमेरिकेत 1986 मध्ये सुरू झालेली किनारे स्वच्छ करण्याची मोहीम ‘इंटरनॅशनल कोस्टल क्लीनअप’ या नावाने ओळखली जाते. तेथे ते नाम आहे, म्हणून शब्द सलग. उच्चारातही फरक पडतो : नामात जोर ‘क्लीन’वर असतो, तर क्रियापदात, विशेषतः ‘क्लीन इट अप’सारख्या रचनेत, तो ‘अप’वर असतो.

प्रश्न : ‘वॉश अप’ म्हणजे भांडी घासणे की हात-तोंड धुणे? दोन शब्दकोशांत दोन अर्थ सापडले.

उत्तर : दोन्ही शब्दकोश बरोबर आहेत, बोलणारा कोठला आहे ते पाहावे. ब्रिटिश माणूस जेवणानंतर ‘आय विल वॉश अप’ म्हणाला, तर तो भांडी घासायला निघाला आहे. त्या कामाला तेथे ‘वॉशिंग-अप’ असे नामही आहे. अमेरिकन माणूस हेच वाक्य बहुधा जेवणाआधी म्हणेल आणि तो हात-तोंड धुऊन येईल; भांड्यांसाठी तो ‘डू द डिशेस’ किंवा ‘वॉश द डिशेस’ असे म्हणेल. लिहिताना वाचक दोन्हीकडचे असतील, तर ‘वॉश अप’ टाळून ‘वॉश द डिशेस’ किंवा ‘वॉश युवर हँड्स’ असे स्पष्ट लिहावे. ‘वॉश्ड अप’ हे विशेषण माणसाला लावताना विशेष जपावे. ‘ही इज वॉश्ड अप’ याचा अर्थ ‘तो हात-तोंड धुऊन तयार आहे’ असा होत नसून ‘त्याची कारकीर्द संपली, आता त्याच्यात दम उरला नाही’ असा होतो.